निशाण आणि गणवेश : छात्रसेनेच्या ध्वजपथकाची परंपरा



ज्या पिढीच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या पिढीने या शहरात दोन राजवटी पाहिल्या. एका राजवटीत त्यांनी शिक्षण घेतले आणि दुसऱ्या राजवटीत शिकविले. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी आपण मला येथे बोलाविलेत, हा माझा बहुमान आहे असे मी मानतो.

आजचा विषय पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ध्वजामागे चालणाऱ्या चार मुलांच्या गणवेशात इतिहास तो कोणता, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि आपल्या भागात १७ सप्टेंबर, असे वर्षातून तीनदा आपण ज्या पथकाकडे पाहून उभे राहतो, त्या पथकाचा पोशाख कोणी ठरविला, का ठरविला आणि तो कोणाच्या अंगावर चढतो, हे प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाहीत. किंबहुना आपल्या गुलबर्गा-बिदर भागाचा गेल्या शतकाचा इतिहास या प्रश्नांच्या आधारे बराचसा सांगता येतो, असे माझे मत आहे. २०१४ पासून आपल्या शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले आहे. ज्या काळाविषयी मी बोलणार आहे त्या काळाचे नाव म्हणून मी गुलबर्गा हेच नाव वापरीन, याबद्दल श्रोत्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

१. रणांगणावरून मैदानावर

निशाण ही मूळची युद्धाची गरज होय. धूळ, धूर आणि कोलाहल यांत आपली तुकडी कोठे आहे हे शिपायाला कळावे, म्हणून उंच काठीवर कापड लावले गेले. मराठी वाचकाला भगवा झेंडा आणि पेशवाईतील जरीपटका यांची ओळख वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. निशाण उभे आहे तोवर फौज उभी आहे, ही भावना आपल्याकडे होती तशीच युरोपातही होती. ब्रिटिश पायदळात १८१३ साली ‘कलर सार्जंट’ हा खास हुद्दा निर्माण करण्यात आला. निशाणाचे रक्षण हा मोठा विश्वासाचा मान असून तो पराक्रमी शिपायासच मिळावा, ही कल्पना त्या हुद्द्यामागे होती.

पुढे दूर पल्ल्याच्या बंदुका आल्या. निशाण धरणारा उंच, ठळक आणि जवळजवळ निःशस्त्र असल्याने तो शत्रूचे सोपे लक्ष्य ठरू लागला. जानेवारी १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लेंग्ज नेक येथील लढाईत ब्रिटिश पलटणीने निशाण रणात नेले, ते शेवटचे. त्यानंतर निशाण रणांगणावरून संचलनाच्या मैदानावर आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उपयोग संपला म्हणून निशाणाचे नियम संपले नाहीत. उलट ते अधिक काटेकोर झाले. पूर्वी निशाण धरणाऱ्याची परीक्षा गोळीबारात होत असे. आता ती परीक्षा होणार नव्हती. तेव्हा त्या जागी दुसरी परीक्षा आली. पाऊल, नजर, काठीचा कोन, बुटांची चकाकी आणि पथकातील प्रत्येकाच्या पोशाखाचा सारखेपणा यांत ती होऊ लागली. ध्वजपथकाच्या गणवेशाचे प्रमाण हे अशा रीतीने धैर्याच्या जुन्या कसोटीचे शांततेतील रूप आहे.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेत मोठा पालट झाला. २३ नोव्हेंबर १९५० रोजी भारतीय पलटणींची इंग्लंडच्या राजाच्या नावाची जुनी निशाणे डेहराडून येथील चेटवुड सभागृहात विधिपूर्वक ठेवण्यात आली. प्रजासत्ताकाची निशाणे पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते दिली जाऊ लागली. मे १९५१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी भारतीय नौदलास असे पहिले निशाण प्रदान केले. परंपरा तीच राहिली, परंतु धनी बदलला.

२. स्वयंसेवकाच्या हाती ध्वज

सैन्याचा शिपाई आज्ञेने निशाण धरतो. स्वयंसेवक ते आपल्या इच्छेने धरतो. आपल्या देशात या दुसऱ्या परंपरेचा पाया १९२३ साली घातला गेला. त्या वर्षी मे ते ऑगस्ट या काळात नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्स भागातून जाण्यास बंदी होती. ती मोडण्यासाठी देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या आल्या, त्यांत हुबळीहून डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या संस्थेचे तरुण होते. तुरुंगात माफीपत्र लिहून देण्याचे त्यांनी नाकारले. त्यांची ती शिस्त काँग्रेसच्या पुढाऱ्यांच्या नजरेत भरली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काकिनाडा येथील अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाची कल्पना मूर्त झाली.

डॉ. हर्डीकर हे आपल्याच मुलखातले. १८८९ साली धारवाडला जन्मलेले, कन्नड भूमीत वाढलेले आणि पुण्यात शिकलेले. वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते कलकत्त्यास आणि पुढे अमेरिकेस गेले. त्यांच्या सेवा दलाने ध्वजवंदनाला नियमित विधीचे रूप दिले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ध्वज उभारावयाचा, सर्वांनी रांगेत उभे राहून वंदन करावयाचे, अशी प्रथा त्यांनी पाडली. पुढे जून १९४१ मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तेव्हा शाखेवरील झेंडावंदन हा हजारो मराठी मुलामुलींच्या दिनक्रमाचा भाग झाला. सप्टेंबर १९४२ मध्ये नंदुरबारला हातात तिरंगा घेऊन गोळ्या झेलणारा शिरीषकुमार शाळकरी वयाचाच होता. शांततेच्या मैदानावर आलेले निशाण पुन्हा एकदा गोळीच्या टप्प्यात गेले होते, आणि ते धरणाऱ्याच्या अंगावर कोणताही लष्करी गणवेश नव्हता.

३. आपल्या भागात : गणवेशावाचून निशाण

निजामाच्या संस्थानात परिस्थिती आणखी निराळी होती. ब्रिटिश मुलखात जे चालून जाई, तेही येथे चालत नसे. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली आणि विद्यार्थ्यांनी चळवळ उभारली. तिचे लोण औरंगाबाद व गुलबर्गा येथील इंटरमिजिएट महाविद्यालयांपर्यंत पोचले. विद्यापीठातून काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. उस्मानियात शेरवानी हा विद्यार्थ्यांचा ठरलेला पोशाख होता, हे येथे सांगितले पाहिजे. म्हणजे गणवेश होता, शिस्तही होती; नव्हती ती स्वेच्छा. सारखे कपडे घातल्याने मने सारखी होत नाहीत, हा धडा आपल्या भागाला त्या काळीच मिळाला.

१९४७ साल उजाडले. २२ जुलै रोजी घटना समितीने तिरंग्यास राष्ट्रध्वज म्हणून मान्यता दिली. ७ ऑगस्ट रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसने ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळून सत्याग्रह सुरू केला. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांनी हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकविला आणि त्यांना अटक झाली. साऱ्या देशात त्या दिवशी ज्या कृतीबद्दल मिठाई वाटली गेली, त्याच कृतीबद्दल आपल्या भागात तुरुंग मिळत होता. पुढील तेरा महिन्यांत गुलबर्गा, बिदर, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी जे झेंडे लावले, ते रात्री, चोरून, मिळेल त्या काठीवर. धोतर, सदरा, क्वचित खादीची टोपी हाच त्यांचा पोशाख. बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेले हत्याकांड त्या काळाच्या क्रौर्याची साक्ष आहे. तेथे आता स्मारक उभे असून मार्च २०२३ मध्ये १०३ फूट उंचीच्या ध्वजस्तंभाचेही अनावरण झाले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले. उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद असा मार्ग आक्रमीत पुढे गेले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी येथील सामान्य माणसाने तिरंगा प्रथमच उघड्यावर आणि निर्भयपणे पाहिला.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबता कामा नये. सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट उसळली आणि निरपराध मुसलमान कुटुंबांना ती भोगावी लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद व नांदेडबरोबर आपले गुलबर्गा व बिदर हे दोन्ही होते. ज्या घरांनी तिरंग्यासाठी मार खाल्ला ती घरे आणि तिरंगा आल्यानंतर ज्यांनी भयाने दारे लावून घेतली ती घरे, या दोन्ही घरांतील मुले दोन-चार वर्षांनी एकाच शाळेत, एकाच बाकावर बसणार होती. त्यांच्यापुढे ध्वज कोणी धरावयाचा आणि कोणत्या पोशाखात, हा प्रश्न त्या क्षणी केवळ कवायतीचा राहिला नव्हता.

४. राष्ट्रीय छात्रसेनेचा जन्म

योगायोग असा की, या प्रश्नाचे उत्तर तयार होत होते ते नेमके त्याच महिन्यांत. विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची सुरुवात १९१७ साली विद्यापीठ दलाच्या रूपाने झाली होती. १९२० नंतर त्याचे विद्यापीठ प्रशिक्षण दल झाले. हेतू मुख्यतः साम्राज्याच्या सैन्याची उणीव भरून काढण्याचा होता. स्वातंत्र्य दृष्टिपथात आल्यावर १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. शाळा व महाविद्यालये यांसाठी राष्ट्रीय पातळीवरील एक छात्रसंघटना असावी, अशी तिची शिफारस होती. १६ एप्रिल १९४८ रोजी कायद्यास संमती मिळाली आणि १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. गुलबर्ग्यात तिरंगा उघड फडकण्यास त्या दिवशी अद्याप दोन महिने अवकाश होता.

कुंझरू हे नाव मराठी माणसाने स्मरणात ठेवावे असे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे ते आजीव सदस्य आणि १९३६ पासून अध्यक्ष होते. पंडित मालवीय यांच्याबरोबर सेवा समिती बालवीर संघटना उभारण्यातही त्यांचा वाटा होता. शिस्त ही सत्तेची चाकरी नसून नागरिकत्वाची तयारी आहे, ही गोखल्यांच्या परंपरेतील दृष्टी त्यांनी छात्रसेनेत आणली. म्हणूनच कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली : छात्रसेनेत दाखल झाल्याने विद्यार्थ्यावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कोणतेही बंधन येत नाही. गणवेश सैनिकाचा, पण धारण करणारा स्वयंसेवक, अशी ही रचना होती. १९४९ मध्ये मुलींचा विभाग, १९५० मध्ये हवाई शाखा आणि १९५२ मध्ये नौदल शाखा सुरू झाली.

आता ध्वजाकडे वळू. १९५१ साली छात्रसेनेच्या पथकांना प्रथम निशाणे देण्यात आली. ती सैन्यातील पलटणींच्या निशाणांच्याच नमुन्याची, त्याच रंगाची व मापाची होती. मधोमध छात्रसेनेचे चिन्ह व पथकाचे नाव एवढाच काय तो फरक. लवकरच ही व्यवस्था अपुरी वाटू लागली. संघटनेत आता भूदल, नौदल व हवाईदल अशा तिन्ही शाखा होत्या. गणवेशही तीन होते : खाकी, पांढरा आणि निळसर. अशा संघटनेने केवळ पायदळाचे निशाण का मिरवावे? म्हणून १९५४ साली सध्याचा ध्वज आला. तांबडा पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाईदलाचा. मध्ये सोनेरी अक्षरे व चिन्ह आणि भोवती सतरा कमळांचे वर्तुळ. ही सतरा कमळे छात्रसेनेच्या सतरा संचालनालयांची द्योतक आहेत. आपला भाग त्यांपैकी कर्नाटक व गोवा संचालनालयात येतो.

या बदलातील विवेक पाहण्यासारखा आहे. तिघांनी एकच कपडे घालावेत, असा आग्रह कोणी धरला नाही. प्रत्येक शाखेने आपला गणवेश राखला. तिघांना सामावून घेणारा ध्वज मात्र एक केला. भाषा, धर्म आणि जुन्या आठवणी यांनी विभागलेल्या आपल्यासारख्या प्रदेशाला यापेक्षा योग्य दाखला कोणता द्यावा?

५. प्रमाण कशासाठी?

ध्वजपथकाचे नियम कोणते, हे येथील माजी कॅडेटांना पाठ असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. राष्ट्रध्वज इतर ध्वजांबरोबर संचलनात असेल, तर तो चालणाऱ्यांच्या उजव्या हातास असतो, किंवा इतर ध्वजांच्या ओळीपुढे मध्यभागी. इतर निशाणे मानवंदनेच्या वेळी झुकविली जातात. राष्ट्रध्वज कोणत्याही व्यक्तीसमोर वा वस्तूसमोर झुकविला जात नाही. तो चढवावयाचा झपाट्याने आणि उतरवावयाचा संथपणे. तो समोरून जात असता सर्वांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभे राहावयाचे आणि गणवेशात असणाऱ्यांनी सलामी द्यावयाची. २६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या ध्वजसंहितेत हे सारे एकत्र नमूद आहे.

ध्वजाचे कापडही असेच प्रमाणबद्ध. भारतीय मानक संस्थेने जे पहिले मानक तयार केले, त्याचा क्रमांक एक, आणि ते राष्ट्रध्वजाचे. लांबी-रुंदीचे तीनास दोन हे प्रमाण, रंगाची छटा, सुताची संख्या, शिलाई, दोर, सर्व काही त्यात ठरवून दिलेले आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होणाऱ्या ध्वजांसाठी उदगीरच्या केंद्रात कापड विणले जाते. हे उदगीर १९५६ पर्यंत आपल्या बिदर जिल्ह्यातील तालुका होते. १९४७ साली ज्या जिल्ह्यात तिरंगा दिसणे गुन्हा होता, त्या जिल्ह्याच्या जुन्या गावी पुढे त्याच तिरंग्याचे कापड मागावर चढले. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीनंतर यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या ध्वजासही परवानगी मिळाली आहे. तरीही हातमागाच्या त्या कापडाचे मोल कमी होत नाही.

ध्वज धरणाऱ्यांच्या पोशाखासही हाच न्याय लागू होतो. बेरे टोपीची कड भुवईच्या वर सरळ हवी, तिच्यावरचा तुरा नेमका हवा. पट्ट्याचे पितळी बक्कल ब्रासोने घासलेले, इस्त्रीची घडी धारदार, बुटांच्या नाड्या एकाच पद्धतीने बांधलेल्या, काठीचे बूड ज्यात बसते तो खोबणीचा पट्टा मधोमध, हातमोजे शुभ्र. आणि मुख्य म्हणजे पथकातील सर्वांचे हे सर्व एकसारखे. एकाच्या बाहीची घडी जरी वेगळी असली, तरी पाहणाऱ्याची नजर ध्वजावरून घसरून त्या बाहीवर जाते.

माझ्या मते साऱ्या नियमांचे मर्म येथे आहे. गणवेशाचे प्रमाण हे पथक दिसावे म्हणून नसते. पथक दिसेनासे व्हावे आणि केवळ ध्वज दिसावा म्हणून असते. ध्वज धरणारा कोणाचा मुलगा, कोणत्या जातीचा, कोणत्या आळीतला, घरी मराठी बोलतो की कन्नड की दखनी, हे त्या क्षणी कोणास दिसू नये. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने देख’ या आज्ञा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरच्या भाषेतल्या नाहीत. आणि म्हणूनच त्या सर्वांना सारख्याच परक्या व सारख्याच आपल्या आहेत.

हा विचार केवळ आपलाच नाही. अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी सिव्हिल एअर पट्रोल ही स्वयंसेवी संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिने कुमारवयीन कॅडेटांचा विभाग सुरू केला आणि मे १९४८ मध्ये, म्हणजे आपल्या छात्रसेनेच्याच वर्षी, ती तेथील वायुदलाची अधिकृत साहाय्यक संस्था झाली. तिच्या ध्वजपथकात दोन ध्वजधारी आणि दोन रक्षक असे चौघे असतात. चौघांचा गणवेश एकाच प्रकारचा असावा लागतो. पथकांच्या स्पर्धा होतात आणि त्यांत गणवेशाच्या तपासणीसही गुण असतात. तेथेही राष्ट्रध्वज उजव्या हातास आणि तो कोणापुढे झुकत नाही. दोन दूरच्या प्रजासत्ताकांतील मुलांनी एकमेकांस न पाहता तोच नियम पाळावा, यावरून तो नियम किती स्वाभाविक आहे हे दिसते.

६. सक्ती आणि स्वेच्छा

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ साली छात्रसेनेचे शिक्षण महाविद्यालयांत सक्तीचे करण्यात आले. हेतू योग्य होता, भावनाही प्रामाणिक होती. परंतु संख्या वाढली की प्रमाण सैल होते, असा अनुभव आला. इच्छा नसलेल्या मुलाच्या अंगावरील गणवेश हा कपडाच राहतो. १९६८ साली छात्रसेना पुन्हा ऐच्छिक झाली. सक्ती उठल्याने शिस्त संपेल ही भीती खरी ठरली नाही. १९४८ साली सुमारे वीस हजार कॅडेटांनिशी सुरू झालेली ही संघटना पुढे सतरा लाखांवर गेली. आपण होऊन पत्करलेला नियमच टिकतो, हा त्याचा अर्थ.

७. एक आठवण

आता एक व्यक्तिगत गोष्ट सांगतो. इतिहासाच्या व्याख्यानात ती सांगावी की नाही, असा मला संकोच होता. पण तिच्यावाचून माझे म्हणणे अर्धवट राहील.

१९७० च्या सुमारास मी ज्या शाळेत शिकत होतो, तेथे छात्रसेनेचे पथक होते. ती शाळा ही नव्हे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. माझ्या वर्गात शहाबादकडील फरशीच्या खाणीत काम करणाऱ्या एका मजुराचा मुलगा होता. त्याच्यासारखी चाल आमच्यात कोणाचीच नव्हती. काठी धरली की ती हलत नसे. पंधरवडाभर सरावात ध्वज त्याच्याच हाती होता. चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी तपासणी झाली. त्याला मिळालेले बूट लहान पडत असल्याने त्याने टाचेशी कापले होते आणि कापल्याची जागा काळ्या पॉलिशने झाकली होती. ती दिसली. ‘पथक एकसारखे दिसले पाहिजे’ असे सांगून त्याला रांगेबाहेर काढण्यात आले आणि त्याच्या जागी मला उभे केले गेले. माझे बूट नवे होते, वडिलांनी सोलापूरहून आणलेले.

दुसऱ्या दिवशी मी ध्वज धरला. चूक झाली नाही. टाळ्या मिळाल्या. तो मुलगा प्रेक्षकांत उभा होता आणि ध्वज समोरून गेला तेव्हा त्याने नियमाप्रमाणे सावधान उभे राहून सलामी दिली. अनवाणी. त्या सलामीतील दोष आजतागायत मला सापडलेला नाही.

त्या दिवशी नियम मोडला गेला असे कोणी म्हणणार नाही. पण नियमाचा हेतू मोडला गेला, असे मला नंतर उमगले. जो नियम घर, पैसा, जात झाकण्यासाठी केला, त्याच नियमाने एका मुलाची गरिबी साऱ्या मैदानासमोर उघडी केली. प्रमाण सर्वांसाठी सारखे ठेवावयाचे, तर ते गाठण्याचे साधनही सर्वांना सारखे मिळाले पाहिजे. नाहीतर गणवेश समतेचे चिन्ह राहत नाही, ऐपतीचा दाखला होतो.

संघटनेने हे मुळीच ओळखले नव्हते असे नाही. कॅडेटास गणवेश सरकारकडून मिळतो, धुलाई व पॉलिशसाठी भत्ता मिळतो. अलीकडे गणवेशाची रक्कम थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था झाली आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु खात्यात रक्कम जमा होणे आणि पायात मापाचा बूट असणे यांत जे अंतर उरते, ते दिल्लीहून भरून निघत नाही. ते शाळेने भरावयाचे असते.

८. उपसंहार

ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी ध्वज फडकविल्याबद्दल अटक पत्करली, त्यांनाच १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याने लोकसभेवर पाठविले. भगवी वस्त्रे धारण करणाऱ्या त्या संन्याशाच्या अंगी दुसरा गणवेश नव्हता. त्यांच्या मागे चालणाऱ्यांनाही नव्हता. आज आपल्या मुलांना गणवेश आहे, नियम आहेत, मानके आहेत, मैदान आहे. ही सारी त्या बिनगणवेशाच्या माणसांची देणगी आहे. १७ सप्टेंबरला सीमेपलीकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि अलीकडे २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव. नावे दोन, ध्वज एकच.

म्हणून या विद्यालयास माझी एकच विनंती आहे. ध्वजपथकाच्या गणवेशाचे प्रमाण तसूभरही सैल करू नका. बक्कल चकाकले पाहिजे, घडी धारदारच हवी. परंतु निवड प्रथम चालीवरून करा, आणि ज्याची निवड होईल त्याच्या पायाचे माप त्याच दिवशी घ्या. शाळेच्या भांडारात निरनिराळ्या मापांचे पाच-सहा जोड बूट आणि तितकेच गणवेश कायमचे असोत. माजी विद्यार्थ्यांनी मनात आणले तर ही गोष्ट एका वर्षात होण्यासारखी आहे. पहिल्या जोडाचा खर्च माझ्याकडे लागला, असे मी येथेच जाहीर करतो. हे ऋण मी पन्नासहून अधिक वर्षे वागवीत आहे.

 जय हिंद.